वाचून दाखवले, बरोबर आहे

या अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी तुळशीबागेतून आणलेल्या पणत्या पाण्यात घालत होते. म्हणाल्या, "तुमच्या गाजलेल्या खटल्यांवर लिहा." मी म्हटलं, "अहो, माझा एकही खटला कधी गाजला नाही. माझी अशिलं तेवढी गाजलेली होती, आणि तीही आपापल्या गल्लीत." त्या म्हणाल्या, "मग त्यांच्यावर लिहा." आता बोलून बसले, म्हणून लिहिते आहे.

मी दिवाणी वकील. म्हणजे खून, दरोडे, पळवापळवी यांतलं माझ्याकडे काही आलं नाही. माझ्याकडे आले ते जिने, नळ, सामाईक भिंती, भाडेकरू आणि त्यांचे मालक. नारायण पेठेतले दोन भाऊ होते. जिन्याखालची जागा कुणाची यावर त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. तारखेला दोघं एकाच स्कूटरवरून येत. धाकटा चालवी, थोरला मागे फायली धरून बसे. मी एकदा विचारलं, "एवढं जमतं, तर तडजोड का नाही करत?" थोरला मला शांतपणे म्हणाला, "वकीलबाई, पेट्रोल वेगळं आणि तत्त्व वेगळं." मी हात टेकले. पुण्यात वकिली करायची तर तत्त्वाच्या वाटेला जाऊ नये.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट मालतीकाकूंची आणि एका न्यायाधीशांची. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक रीत आधी समजावून सांगते, कारण कोर्टाची पायरी न चढलेल्या भल्या माणसांना ती ठाऊक नसते.

सिनेमात साक्षीदार बोलतो आणि ते जसंच्या तसं लिहिलं जातं, असं तुम्हाला वाटत असेल. डोंबलाचं! आमच्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात, मग स्वतःच्या शब्दांत त्याचं एक वाक्य करून शेजारी बसलेल्या टंकलेखिकेला सांगतात. कागदावर उतरतं ते न्यायाधीशांचं वाक्य. 'हे म्हणणे खरे आहे की' किंवा 'हे म्हणणे खरे नाही की' अशी त्याची सुरुवात. साक्ष संपली की खाली एक ठरलेली ओळ येते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि त्याखाली साक्षीदाराची सही. ती ओळ कायद्यातून आलेली आहे. साक्ष वाचून दाखवायची, चूक असेल तर दुरुस्त करायची, मग सही घ्यायची. रीत उत्तम आहे. फक्त आमच्या त्या कोर्टात वाचून कुणी दाखवत नसे. शिपाई बोट ठेवी, साक्षीदार सही करी आणि पुढचा पुकारा होई.

आणि वरच्या कोर्टात अपील गेलं, तर तिथल्या न्यायाधीशांपुढे साक्षीदार नसतो, ते कागद असतात. एकदा कागदावर 'खरे आहे' पडलं की संपलं.

आता ते न्यायाधीश. त्यांना आम्ही वकील मंडळी पाठीमागे 'लिहासाहेब' म्हणत असू. कारण साक्षीदाराचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ते हात वर करून म्हणत, "बास. लिहा!"

हा माणूस मुळात असा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मी ज्युनियर असताना ते नव्यानेच नेमणुकीवर आले होते. एका म्हाताऱ्या साक्षीदाराचा आवाज ऐकू येईना, तर त्यांनी भर उन्हाळ्यात डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला आणि घाम पुशीत बसले. आम्ही बाहेर येऊन म्हणालो होतो, न्यायाधीश असावा तर असा. मग बदल्या, बढत्या झाल्या, आणि बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा मला ते ओळखूच येईनात. चेहरा तोच होता, पण कान गेले होते. म्हणजे ऐकू यायचं सगळं, ऐकायची गरज वाटेनाशी झाली होती.

कशी वाटणार हो? सकाळी हा माणूस दालनात आला की सगळे उठून उभे. बसला की सगळे बसणार. त्याने पाणचट कोटी केली तरी पहिल्या बाकावरचे वकील खो खो हसणार. तो चुकला तरी "जशी कोर्टाची इच्छा" म्हणून आम्ही मान लववणार. घरी बायको सांगत असेल की कोथिंबीर विसरलात, पण ते घरी. कोर्टात वर्षानुवर्षं एक माणूस त्याला "नाही, तुमचं चुकतंय" म्हणत नाही. अपिलात निकाल फिरला तरी तो कळेपर्यंत यांची बदली झालेली. असं दहा-पंधरा वर्षं चाललं, तर मी म्हणते, मी तरी काय वेगळी झाले असते? वाईट हेतू काही नव्हता. पैशाला शिवणारा माणूस नव्हता तो. पण आपल्याला आधीच सगळं समजलेलं आहे, समोरचा फक्त वेळ खातो, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

एक बाई मला अजून आठवते. नवरा नुकताच गेलेला, दिराने घराबाहेर काढलेली. उलटतपासणीत तिला नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाबद्दल विचारलं, कारण त्यातच त्याने घर आपल्या नावे केलं असं दिराचं म्हणणं होतं. ती पदर तोंडाला लावून थांबली. जरा वेळ दिला असता तर बोलली असती. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "लिहा. मला याबाबत काही सांगता येत नाही." झालं. त्या एका ओळीवर तिचं घर गेलं. ती माझी अशील नव्हती, मी मागच्या बाकावर बसले होते, पण त्या दिवशी डबा उघडला आणि घास उतरेना.

तर मालतीकाकू. सदाशिव पेठेत तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांची मेस होती. नवरा लवकर वारला, तेव्हापासून पोळी-भाजी-वरण-भातावर त्यांनी दोन मुली शिकवून उजवल्या. जेवायला येणारी पोरं बहुतेक वऱ्हाडातली. कुणी यवतमाळचं, कुणी अकोल्याचं. आधी नुसते विद्यार्थी असत. मग हिंजवडीच्या कंपन्या आल्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंही त्याच पंगतीला बसायला लागली. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. काकूंचा हात सढळ आणि जीभ धारदार. एकदा एक पोरगा म्हणाला, "काकू, आज भाजीत मीठ कमी आहे." काकू म्हणाल्या, "मीठ समोर आहे, हातही दोन दिसतायत." पण तोच पोरगा तापाने पडला तेव्हा त्याच्या खोलीवर पेज घेऊन जाणाऱ्याही त्याच.

तेव्हा पुण्यात जागांना सोन्याचा भाव यायला लागला होता. घरमालकांनी दावा लावला की, मुलगा अमेरिकेहून परत येतोय, त्याला संगणकाचं ऑफिस थाटायचंय, जागा रिकामी करून द्या. मालक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. मुलगा खरोखरच यायचा होता. पण भाडेकायद्यात अशा वेळी एक प्रश्न विचारला जातो: जास्त हाल कुणाचे होतील? मालकाला जागा मिळाली नाही तर त्याचे, की भाडेकरूला निघावं लागलं तर त्याचे? आणि त्यात कळीचा मुद्दा असतो की भाडेकरूला दुसरी सोयीची जागा मिळू शकते का. काकूंचं सगळं त्यावर लटकलं होतं. मेस उठली तर त्या वयात त्यांना दुसरं काय येत होतं? मुलींच्या दारात जाऊन बसायचं, हे त्यांच्या मनाला चाटूनही जात नव्हतं.

दावा लिहासाहेबांपुढे लागला हे कळलं. मी काकूंना बजावून ठेवलं, "हे बघा, कोर्टात टोमणे मारायचे नाहीत. तुमचा टोमणा कागदावर कबुली म्हणून उतरतो. सरळ, थोडक्यात बोला."

"थोडक्यातच बोलते मी," काकू म्हणाल्या. "लोकांना लागतं, त्याला मी काय करू?"

साक्षीचा दिवस आला. काकू इस्त्रीची सुती नऊवारी नेसून, आमटीला फोडणी घालून मगच आल्या होत्या. मालकांच्या बाजूने बापूसाहेब उभे होते. आमच्या कोर्टातले सर्वांत ज्येष्ठ वकील, बोलणं लोण्यासारखं आणि उलटतपासणी सुरीसारखी. त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली.

"काकू, तुमच्याकडे पुष्कळ मुलं जेवायला येतात. शेजाऱ्यांना गडबडीचा त्रास होत असेल, नाही?"

"होत असता तर त्यांनी सांगितलं असतं. शेजारचे जोशी तर संध्याकाळचा डबा माझ्याकडूनच नेतात."

साहेबांचा हात वर गेला. "बास. लिहा. शेजाऱ्यांना त्रास होत असल्यास मला माहीत नाही."

टंकलेखिका मंगलाताईंची बोटं चालली. तेव्हा कोर्टात टाइपरायटर जाऊन नुकतेच संगणक आले होते. मी उठून म्हटलं, "साहेब, साक्षीदार तसं म्हणाल्या नाहीत."

"बसा मॅडम. अर्थ तोच होतो."

मी बसले. बापूसाहेबांनी चार-दोन किरकोळ प्रश्न विचारले आणि मग नेमका तो विचारला. "काकू, शोधलीत तर पुण्यात तुम्हाला दुसरी जागा मिळेल की नाही?"

काकू म्हणाल्या, "मिळेल की. तिकडे शहराबाहेर, वाघोलीला मिळेल. दोन एजंटांबरोबर फिरून आले मी. इकडे पेठेत कुणी मेसला जागा द्यायला तयार नाही. आणि वाघोलीला मी पोळ्या लाटल्या, तर ही पोरं तिथे..."

"बास. लिहा. हे म्हणणे खरे आहे की, मला दुसरी जागा मिळू शकते."

एका वाक्यात दावा गेला होता. मी पुन्हा उठले, साहेबांनी माझ्याकडे न पाहताच हाताने बस म्हणून खुणावलं. बापूसाहेबांनी "आणखी प्रश्न नाहीत" म्हटलं. छापील कागद बाहेर आला, शिपायाने तो कठड्यावर ठेवला, खालच्या ओळीवर बोट टेकवलं आणि पेन पुढे केलं.

काकूंनी पिशवीतून चष्मा काढला. पुसला. लावला. आणि म्हणाल्या, "इथे लिहिलंय, वाचून दाखवले. कुणी वाचून दाखवलं?"

शिपाई हळूच म्हणाला, "आजी, सही करा. सगळे करतात."

"सगळे करतात ते मी पाहिलं सकाळपासून. मी विचारतेय वाचलं कुणी?"

साहेबांनी मान वर केली. बहुधा कित्येक वर्षांत कुणी त्यांना त्या खुर्चीवर असताना प्रश्न विचारला नव्हता. "बाई, हे कोर्ट आहे. तुमचं स्वयंपाकघर नाही."

"ते दिसतंय," काकू म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात चाखल्याशिवाय वाढत नाही मी."

झालं! मी डोळे मिटून घेतले. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला आल्याचं सोंग केलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "हा कोर्टाचा अवमान आहे, कळतंय का तुम्हाला? मंगलाताई, लिहा. साक्षीदाराने सही करण्यास नकार दिला."

आणि काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. माझे आणखी कितीतरी दावे याच दालनात पडून होते, माझ्या हाताखालची ज्युनियर वकील माझा काळा कोट मागून ओढत होती. पण मला ती पदर तोंडाला लावलेली बाई दिसत होती. मी म्हटलं, "अवश्य लिहा, साहेब. पण त्याच्या पुढे हेही लिहा की, साक्ष वाचून दाखवण्यात आली नव्हती आणि साक्षीदाराने ती वाचून दाखवण्याची मागणी केली होती."

"मला शिकवताय?"

"नाही साहेब. कायद्यात आहे ते मागतेय."

साहेबांनी कागद शिपायाकडून ओढून घेतला. "ठीक आहे. वाचतो. होऊन जाऊ दे समाधान!" आणि ते भराभर, मंत्र पुटपुटल्यासारखे वाचायला लागले. नाव, वय, राहणार. मग शेजाऱ्यांच्या त्रासाचं वाक्य आलं. काकू म्हणाल्या, "मी जोशींच्या डब्याचं म्हणाले होते. ते कुठाय?" साहेब थांबले. पुन्हा वाचायला लागले, पण आता आवाज जरा सावकाश झाला होता. "हे म्हणणे खरे आहे की, मला दुसरी जागा मिळू शकते."

"आणि वाघोली?" काकूंनी विचारलं. "साहेब, मी वाघोली म्हणाले. पेठेत मिळत नाही म्हणाले. तेवढंच गाळलंत तर माझं काय राहिलं?"

साहेब त्या कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली की मी तिची कल्पनाही केली नव्हती. ते बापूसाहेबांकडे वळले. "वकीलसाहेब, तुमचा प्रश्न होता. काय उत्तर दिलं यांनी?"

आता बघा. बापूसाहेब नुसते "आठवत नाही" म्हणाले असते, तर त्यांचा दावा जिंकल्यात जमा होता. शेजारी त्यांचा अशील बसलेला, फी देणारा. बापूसाहेब उठले, गळ्याचा पांढरा बँड नीट केला आणि स्वच्छ म्हणाले, "साहेब, बाई वाघोली म्हणाल्या. पेठेत मेसला जागा मिळत नाही, असंही म्हणाल्या. ते लिहिलं गेलेलं नाही. आणि जोशींचंही त्या खरं सांगतायत." मालकाने त्यांच्या बाहीला हात लावला. बापूसाहेब त्याच्याकडे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, पुढच्या तारखेला तुमचा मुलगा इथेच उभा राहणार आहे. त्याचंही पूर्ण लिहिलं जायला हवंय ना?"

मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेबांनी कागद मंगलाताईंकडे सरकवला. मग म्हणाले, "मंगलाताई, दुरुस्त करा. बाई, तुम्ही पुन्हा सांगा. मी मध्ये बोलणार नाही." टाइपरायटर असता तर खाडाखोड, कार्बन, नवा कागद, शंभर सबबी निघाल्या असत्या. संगणकावर ओळ पुसली आणि नवी लिहिली, एवढंच. काकूंनी सगळं सांगितलं, वाघोली, एजंट, पोरं, सगळं. साहेबांनी ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "आता बरोबर आहे," आणि त्यांनी वळणदार सही केली.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघा वकिलांना आपल्या खोलीत बोलावलं. आता बोलणी खायची म्हणून मी मनाची तयारी करूनच गेले. ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, "हे असं किती दिवस चाललंय?"

बापूसाहेब ताकास तूर लागू देणारे नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "पुष्कळ दिवस, साहेब."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"भीती वाटते म्हणून," मी म्हटलं.

"कुणाची?"

"तुमची."

"माझी?" ते वळले. मी शपथेवर सांगते, त्या माणसाला खरंच आश्चर्य वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले. आम्ही बाहेर आलो, तेव्हा बापूसाहेब मला म्हणाले, "चला, चहा पाजा. माझी पुढच्या वर्षीची फी गेली आज." मी दोन वेळा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालनात पाऊल टाकलं आणि बघते तर काय, संगणकाचा पडदा साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे वळवलेला! टायपिंग चालू असताना साक्षीदाराला वाचता यावं म्हणून. ज्यांना वाचता येत नसे त्यांना साहेब स्वतः वाचून दाखवत आणि विचारत, "असंच म्हणालात ना?" पहिले काही दिवस साक्षीदार घाबरून "हो हो" करत. मग पेठेतल्या मंडळींना कळलं की हे खरोखर विचारतायत. त्यानंतर जे एकेक जण दुरुस्त्या सांगायला लागले! एका आजोबांनी स्वल्पविरामावर हरकत घेतली. साहेबांनी तीही शांतपणे ऐकून घेतली. काम हळू चाले, वकील कुरकुरत, पण त्यांची बदली होईपर्यंत तो पडदा तसाच राहिला. पदर तोंडाला लावलेल्या त्या बाईला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि हे मला अजूनही सलतं.

काकूंच्या दाव्यात मालकांचा मुलगा अमेरिकेहून आल्यावर त्याचीही साक्ष झाली, पूर्ण लिहिली गेली. तो सरळ मुलगा होता. त्याने कबूल केलं की ऑफिस घरच्याच रिकाम्या वरच्या मजल्यावरही चालेल, वडिलांचा मात्र तळमजल्यावरच जीव आहे.

निकालाच्या दिवशी काकू सकाळपासून बाकावर बसून होत्या. एरवी न्यायाधीश शेवटची ओळ तेवढी वाचतात आणि पुढचा पुकारा होतो. साहेब आले, बसले, आणि त्यांनी आधी तीच ओळ वाचली, "वादीचा दावा नामंजूर करण्यात येत आहे." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकू जागच्या हलल्या नाहीत, फक्त त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. मग साहेबांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला ऐकायचं असेल. मी सगळं वाचून दाखवतो." आणि त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मालकांची हकिगत झाली, काकूंची कैफियत झाली, मुद्दे झाले. साहेब एकेक शब्द स्पष्ट वाचत होते.

पाचव्या-सहाव्या पानावर काकू उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, पुरे."

साहेबांनी वर पाहिलं. "का? काही चुकलं?"

"चुकलं नाही. सगळं बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "पण पोरं जेवायला यायची वेळ झाली."

सगळं दालन हसलं. आणि त्या वरच्या खुर्चीतला माणूसही इतका मोकळा हसला की त्याला चष्मा काढावा लागला. "जा," ते म्हणाले. काकू वाकून नमस्कार करून निघाल्या. मी दारापर्यंत गेले, तेवढ्यात त्या जिना उतरूनही गेल्या होत्या.